बिनपुठ्ठ्याचं पुस्तक

मंगळवार, १४ नोव्हेंबर
दुपार

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं, तू बरी आहेस हे वाचून बरं वाटलं. आम्ही इथे आहोत तसे आहोत.

वर्षभरात मी स्वतःच्या हाताने काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे बाबा नुसते पलंगापाशी बसून असतात असं तुला वाटायला नको. पलंगाच्या उशाची फळी केली, तीन उंचींवर अडकवता येते. पुस्तक ठेवायचा तिरका लाकडी स्टँड केला, त्यात एकही खिळा नाही. पेल्यातली नळी हलू नये म्हणून तारेची कडी केली. खिडकीत आरसा बसवला, त्यात आईला पडल्या पडल्या कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापर्यंतचा रस्ता दिसतो. आणि तू कळवलेली नऊच्या नऊ पुस्तकं उसवून त्यांची पातळ पातळ पुस्तकं बांधली. यातलं काहीही मी कुणाकडे शिकलेलो नाही. बाइंडिंगसुद्धा जुनी पुस्तकं उसवत उसवतच शिकलो, हे तुला माहीत आहे.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. योगाची आणि प्रवासाची जी पुस्तकं तू सुचवलीस त्यांतली आईला कुठली आवडली, आणि श्वासाच्या यंत्राचं काय झालं. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, तेव्हा ते आधी.

योगाच्या पाचांत निळं जाड पुस्तक सर्वांत चांगलं. शिलाई पक्की, कागद दाट, आणि फोटोतली बाई चाळिशीची दिसते, हे आईला फार पटलं. बाकीच्या चारांत सगळ्या विशीतल्या पोरी. "यांना योगाची गरजच काय?" म्हणाली. इतकी वर्षं समोरच्या हॉलमध्ये रोज सकाळी बायकांना शिकवलंय तिने, ती पुस्तकाला सहजासहजी सोडत नाही. मी वाचतो, ती डोळे मिटून मनातल्या मनात आसन करते आणि मध्येच अडवते. "थांबा. डावा पाय पुढे आहे ना? मग उजवा हात तिथे पोचेल कसा? तुम्ही करून बघा." मी करून बघतो. पोचत नाही. ती हसते, आणि हसण्याने दमते.

तांबडं पुस्तक मात्र कुणाला सुचवू नकोस. निम्मं पुस्तक श्वास रोखण्यावर आहे. आठ-दहा पानं ऐकून आई म्हणाली, "रोखा म्हणणारे फार झाले. नुसता येऊ दे म्हणणारा एकही नाही का हो?" मी ते माळ्यावर टाकलं.

प्रवासाच्या पुस्तकांतले फोटो ती बघत नाही. 'कसे जाल' तेवढीच पानं वाचायला सांगते. बस कुठून सुटते, बोटीचं तिकीट कुठे मिळतं, शेवटची चढण पायी आहे की खेचर मिळतं. ठिकाणाचं वर्णन सुरू झालं की म्हणते, "पुढचं राहू द्या. पोचल्यावर माझं मी बघीन." त्यातल्या एका दीपगृहाच्या बेटाकडे आम्ही असे बऱ्याचदा निघालो आहोत.

आता पातळ पुस्तकांचं. सुरुवातीला एका पुस्तकाचे चार भाग पुरले. मग तेही तिला पेलेनात, तेव्हा फर्मा न् फर्मा सुटा केला, म्हणजे सोळा-सोळा पानं. प्रत्येकाला दोऱ्याची शिलाई, कापडी कणा, दोन्ही बाजूंना पातळ पुठ्ठा. स्टँड असताना हातात कशाला, असं तू म्हणशील. तिला हातातच हवं असतं. स्टँडवरचं पुस्तक म्हणजे बोर्डावरची नोटीस, असं तिचं म्हणणं.

ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "पुठ्ठा काढा."

मी म्हटलं, पुठ्ठा काढला की ते पुस्तक राहत नाही, हँडबिल होतं.

"मग हँडबिल द्या."

मी फर्मा मधोमध उसवून आठ-आठ पानांचं पुस्तक केलं. पुठ्ठा ठेवला.

तुझ्या नऊंतलं हिरवं पुस्तक पहिल्याच आठवड्यात सुटं झालं. मी त्याच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं, आणि शिलाई कशाला म्हणतात ते त्याला कळावं म्हणून माझं एक पातळ पुस्तक सोबत पाठवलं. तर ऑगस्टअखेरीस तो स्वतःच घरी आला. एक गृहस्थ पुस्तकं बघायला आले होते, एवढंच मी तुला कळवलं होतं.

आईच्या हातातलं पुस्तक बघून तो म्हणाला, अंथरुणावरच्या माणसांसाठी अशी पुस्तकं काढायची, योगाची आणि प्रवासाची, सगळी पातळ. आईला विचारलं, "कव्हरवर तुमच्या हाताचा फोटो चालेल? फक्त हात." आई म्हणाली, "चालेल की. नखं तेवढी कापून घेते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शिकलात कुठे?" मी म्हटलं, कुठेच नाही. "वाटलंच," म्हणाला. वाईट अर्थाने म्हणाला नसेल. पण पुढे म्हणाला की शिलाई परवडायची नाही, डिंकाने चिकटवू, पुठ्ठा उडवू, बाकी आमचा डिझायनर बघेल. मी उठलो आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवून आलो.

आई म्हणाली, "हो म्हणायचं होतं. डिंक सुटेपर्यंत मी थोडीच थांबणार आहे?" मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती माझ्याशी बोलत होती.

महिन्याच्या सुरुवातीला ती पुस्तकं दुकानात आली. माझ्यावाचून काही अडलं नाही त्याचं. मी एक विकत आणलं. पानं ओढून बघितली, पुस्तक उलटं दुमडलं, कण्यावर पाणी टाकून रात्रभर ठेवलं. एकही पान सुटलं नाही. सोळा पानांचं असून माझ्या आठ पानांच्या पुस्तकापेक्षा हलकं. सुकल्यावर आईच्या हातात दिलं. तिने धरलं. अंगठ्याने एक पान उलटलं, मग दुसरं.

माझं पुस्तक तिला सप्टेंबरपासून धरता आलेलं नाही. मी पानं उलटतो आणि ती वाचते, असं तुला लिहीत आलो. पुस्तक धरूनही मीच बसलेलो असतो, ते लिहिलं नाही.

डिंकाचं तिने आठवडाभर धरलं. रविवारपासून तेही हातातून पडतं.

आता यंत्र. फोनवर हे बोललो नाही, कारण आई शेजारीच असते. डॉक्टर म्हणाल्या, घ्यायचं तर याच महिन्यात, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. दवाखान्याचं एक यंत्र भाड्याने मिळतं, पण आपल्याआधी बरेच लोक आहेत. नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली नाही. माझं कागद कापायचं कटिंग मशीन विकायला काढलं, तर लोखंडाच्या भावाने मागतात. तू ऑफिसातून उचल घेऊ नकोस, ती पुरणार नाही आणि इतक्यात हातातही पडणार नाही. तू ये. याच रविवारी ये, पुढच्या नको. आणि आता पुस्तकं आणू नकोस.

शेवटी तू लिहिलंयस, "बाबा, आपल्या हातात काहीच नव्हतं, मनाला लावून घेऊ नका." होतं, माऊ. जिन्याकडे निघण्याआधी त्याने चेक लिहून टेबलावर ठेवला होता. कल्पनेचे, नमुन्याचे आणि आईच्या हाताच्या फोटोचे मिळून, सगळे आगाऊ. मी तो घडी घालून त्याच्या खिशात परत घातला. यंत्राला चार लाख लागतात. चेक साडेपाच लाखांचा होता.

तुझे बाबा