मामांनी दाखवलेली अरुंधती

तंजावर, वैशाख वद्य दशमी

तीर्थरूप रघोजीराव मेहुणे यांना अनिरुद्धाचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि बंगळूरची हवा दोन्ही बरी असावीत. इथे सगळे खुशाल. आपली भाची हरिताही खुशाल आहे. फक्त ती सासरी असायची, ती आमच्या माडीवर आहे. (पत्र मुद्दाम बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांत लिहितो. घरात सगळे तमिळच वाचतात, ही अक्षरे कोणालाच वाचता येत नाहीत, तुमच्या बहिणीलाही नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहिता येते.)

लग्नाच्या रात्री जेवण होताच तुम्ही गाडी पकडलीत, म्हणून पुढची हकिगत कळवतो. संध्याकाळी भटजींनी नवरानवरीला अंगणात आणून उत्तरेकडे हात केला आणि अरुंधती पाहा म्हणाले. आजवर आपल्यात ती कोणी खरोखर पाहिलेली नाही. दिसली का विचारतात, दिसली म्हणायचे आणि पानावर बसायचे. भर दुपारीसुद्धा लोकांना दिसली आहे. पण नवरीचे मामा म्हणून तुम्ही शेजारी उभे, आणि नेमका त्याच वेळी तुम्ही नोकरीत असताना बनवलेला तो छोटा उपग्रह डोक्यावरून जायचा होता. नवी यंत्रे तपासायला वर धाडलेला, तुमच्याच वर्षी निवृत्त झालेला, आणि तुमच्यासारखाच निवृत्तीनंतरही फेऱ्या न सोडलेला. तुम्ही बोट दाखवून ओरडलात, “ती बघ पोरी, ती बघ!” हरिता म्हणाली, “मामा, ही चालतेय!”

तेही निभावले असते. पण जेवताना तुम्ही विहीण वेंकूबाईंना समजावून दिलेत की त्याचे इंधन संपले आहे, कक्षा हळूहळू उतरते आहे, आणि एक दिवस तो हवेत शिरून जळून जाईल. (हे सांगताना तुमचा चेहरा पोराचा पहिला नंबर आल्यासारखा होता.) तुमची पाठ फिरताच वेंकूबाई उठल्या. “अय्यो, माझ्या लेकाचा संसार जळक्या डब्याला बांधला की हो!” म्हणाल्या आणि नवऱ्या मुलाला घेऊन पापनाशमला आपल्या घरी गेल्या. नवरी इथेच. दुसऱ्या दिवशी खरी अरुंधती दाखवतो म्हटले, तर म्हणतात, पहिली पाहिली तीच लागू. आता तो डबा किती वर्षे वर राहील हे मामांनी लिहून द्यावे, मगच सून नेऊ.

तुमची बहीण भामा माझ्याशी बोलत नाही, जणू तो मीच उडवला. शेजारच्या गंगाबाई रोज सकाळी विचारतात, “पडला का हो?” जावई सतीशकुमार रोज संध्याकाळच्या बसने “मामांचं उत्तर आलं का” विचारायला येतो, जेवतो, केबल बघतो आणि शेवटच्या बसने जातो.

तरी वेंकूबाईंना तमिळमध्ये चार ओळी लिहा की उपग्रह शंभर वर्षे हलत नाही. खरे काय ते मला कळवू नका.

आपला,
अनिरुद्धराव

ता. क. पत्र बंद करण्याआधी हरिताला सहज विचारले. म्हणाली, “अप्पा, भटजींनी हात केला तेव्हाच मी खरी बघितली. मामांची नंतर.” मग बोललीस का नाही? “बोलले असते तर बी.एड.ची परीक्षा कोणी दिली असती? वेंकू अत्तेंनी सांगितलंय, सासरी आल्यावर पुस्तकं बंद.”

पुन्हा ता. क. परीक्षा ज्येष्ठात संपते. तोवर लिहू नका. वेंकूबाईंचा फोन आला तर हिशोब अजून चालू आहे म्हणा. सतीशकुमारही घरी तेच सांगतो आहे.