दगडी हत्तीच्या अलीकडे

८ फेब्रुवारी, रविवार

छत्तीस वर्षांचा झालो आणि आज पहिल्यांदा तापीत डोळे उघडले. ऑफिसात दहा वर्षं रोज नदीची पातळी वहीत लिहितो, पण आत काय चाललंय ते कधी पाहिलं नव्हतं. हिरवं पाणी, गारठा, आणि कानात आपलाच श्वास.

मोबाइलवर भाल्यानं मासे मारणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून पाहून हे खूळ डोक्यात शिरलं. गॉगल मागवला. शिकवायला गेंदालालबाबा भोई. वय सत्तरच्या पुढे, आणि भाला त्याच्याहून जुना असावा: बांबूची काठी, पुढे लोखंडाचे तीन दात, मागे सायकलच्या ट्यूबचा फास. फास अंगठ्यात अडकवायचा, हात ताणत काठीवर पुढे न्यायचा, सोडायचं. माझा गॉगल बघून बाबा म्हणाला, "हे काय लावलं भाऊ? विमान चालवतो का?"

नियम एकच सांगितला. "पाण्यातला दगडी हत्ती दिसतो ना? त्याच्या अलीकडे, घाटाकडे, भाला आणायचा नाही. ते मासे लोकाहीचे." मी हो म्हटलं. आज मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

घरी सांगितलंय की पोहायला जातो, वजन वाढलंय. वडिलांनी माळ घातली तेव्हापासून आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली, आईनं नेम मोडलेला नाही. वैशाली कधीमधी ही वही चाळते, म्हणून इथे माशाला 'भाजी' लिहीन. (हे इथेच लिहून ठेवल्यावर उपयोग काय? असो.)

११ फेब्रु.

पलंगावर पडून श्वास रोखायचा सराव. बावीस सेकंद. वैशाली उठून बसली. "काय झालं? गॅस झाला का?"

हो म्हटलं.

१५ फेब्रु., रवि.

हत्तीच्या पलीकडे, गुडघाभर पाण्यात उभा राहून. भाजी समोरून जात होती, मी मारत होतो, भाला वाळूत. नऊ वेळा. बाबा काठावर विडी ओढत बसलेला. "अरे, मासा दिसतो तिथं राहत नाही. वरून पाहिलं का तो वर दिसतो. खाली मार, खाली. अन् कायले घाई करतो? त्याले कुठं ऑफिसात जायचंय?"

खाली मारलं. भाला वाळूतच, पण यावेळी जवळच्या वाळूत. एवढ्यावरही खूश होतो मी.

१६ फेब्रु., सोम.

सकाळी आईला घाटावर नेलं. दर सोमवारचं आहे हे, स्टीलच्या डब्यात कणकेच्या गोळ्या. पायरीवर बसून एकेक टाकते. मासे येतात, अगदी पायापाशी. त्यांत बाडस, हातभर लांब, जाड खवल्यांच्या. काहींच्या ओठात नथ चमकते.

त्यातली एक आमची. ताईचं पोट दोनदा पडलं. दिवाळीत तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा आईनं नवस केला. गेंदालालबाबानंच जाळं लावून बाडस धरली, ओठात बारीक सोन्याची नथ अडकवली, सोडून दिली. तेव्हा आई म्हणाली होती, "ही फिरते तोवर पोटातलं फिरतं." आज तिनं बोट दाखवलं. "ती बघ, आपली." मला सगळ्या सारख्याच दिसल्या. तरी म्हटलं, हो, आपलीच.

ताईला सातवा लागलाय.

२२ फेब्रु., रवि.

भाजी नाही.

आज गॉगल लावून बुडी. काठीसकट खाली जाऊन दगडाला धरून पडून राहायचं, हलायचं नाही, मग मासे आपणहून बघायला येतात. आले. मी खोकलो. गेले.

बाबा म्हणाला, "तुझं मन लई आवाज करतं."

१ मार्च, रवि.

भाजी नाही. चौथा रविवार. शकील (ऑफिसातला शिपाई, त्याला सगळं माहीत आहे) रोज विचारतो, "सर, कुछ मिला?" पूर्वी पाठीमागे हसायचा, आता समोर हसतो. भाला घेऊन नदीवर जाणारा आणि येताना मेथी आणणारा माणूस म्हणून माझी ख्याती झालीय.

एकदा तरी मारायचीच. एकदा मारली की सोडून देईन हे सगळं.

८ मार्च, रवि.

भाजी नाही. मासा लिहितो. मासा मारला.

गेंदालालबाबा चांदनी गावी लग्नाला गेलेला, मी एकटाच. पलीकडे पाणी आटून पिंढरीपर्यंत आलेलं. हत्तीपाशी गेलो. अलीकडे डोह, खोल, हिरवा, सकाळी घाटावर कोणी नाही. म्हटलं, नुसतं बघू. भाला हातात घेऊन कोणी नुसतं बघतं का?

बुडी मारली, दगडाला धरून पडलो. मन अजिबात आवाज करत नव्हतं. एक बाडस आली. सरळ माझ्याकडे आली, संथ. मला वाटलं, जमलं, शिकलो मी. हाताच्या अंतरावर आली आणि तोंड उघडलं. मी फास सोडला. ती दिसली तिथंच होती.

वर आलो. ओरडलो आनंदानं. खरंच ओरडलो. मग काठावर आणून पाहिलं तर ओठात नथ.

ती खायला आली होती. कणकेची गोळी मागायला. माणसाच्या हातात काहीतरी असतं एवढंच तिला माहीत.

नथ कापून घेतली. मासा सोडून द्यायचा होता, पण मेलेला मासा घाटाच्या पाण्यात तरंगला असता, लोकांनी ओळखला असता. शकीलला फोन केला, मासा पाहिजे का. तो गाडी घेऊन आला, पोतं घेऊन. "सर! मार ही लिया!" मला मिठी मारली त्यानं.

नथ गॉगलच्या डबीत आहे.

९ मार्च, सोम.

आई घाटावर गेली. डोकं दुखतंय सांगून मी गेलो नाही, वैशालीनं नेलं. आल्यावर आई म्हणाली, "आज आपली दिसली नाही." वैशाली म्हणाली, "असेल तिथंच, पाणी गढूळ होतं."

पाणी गढूळ नव्हतं. सकाळी पातळी नोंदवताना मीच ऑफिसच्या वहीत लिहिलंय, 'स्वच्छ'.

दुपारी शकीलनं डबा आणला. त्याच्या अम्मीनं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला रस्सा. "अम्मी ने बोला, ऐसी मछली बरसों में नहीं खाई. भाभी को मत बताना, यहीं खा लो." तो समोर बसून राहिला. नाही म्हणायला काय कारण सांगू? खाल्ली. दोन तुकडे. आयुष्यात पहिल्यांदा मासा खाल्ला.

चविष्ट होता. हे लिहायची लाज वाटते, पण होता.

१२ मार्च

ताईचा शाहपुरहून फोन. पायाला सूज, बीपी वाढलंय. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. दाजी केळीच्या कापणीत अडकलेत, म्हणून शनिवारी इकडे आणायचं ठरलं. नाहीतरी बाळंतपणाला यायचीच होती.

माशाचा आणि बीपीचा काही संबंध नाही. बी.एस्सी. झालेला माणूस आहे मी.

फोन आल्यापासून जेवलेलो नाही.

१५ मार्च, रवि.

गेंदालालबाबाला सांगितलं. भाला परत द्यायचा म्हणून गेलो आणि तोंडून निघूनच गेलं. त्यानं भाला हातात घेतला, ट्यूबचा फास सोडवून खिशात टाकला. मग म्हणाला, "हत्ती ओलांडला."

मी विचारलं, कोणाची होती, ओळखता येईल का. नथ दाखवली. हातात घेतलीसुद्धा नाही त्यानं.

"डोहात सात-आठ आहेत नथवाल्या. मी जाळं लावतो, टोचतो, सोडतो. त्याहीचे तोंडं कुठं वळखतो मी? नवस ज्याचा त्याले माहीत."

सात-आठ! म्हणजे आमची नसेलही. खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. घरी येताना सिंधीपुऱ्याच्या वळणावर गाडी थांबवली. आमची नसेल तर दुसऱ्या कोणाची तरी असेल. त्यांच्याही घरात कोणीतरी पडून असेल, कोणीतरी दिवस मोजत असेल. त्यात बरं वाटण्यासारखं काय होतं? आणि मला वाटलं होतं.

बाबाला विचारलं होतं, हीच नथ दुसऱ्या माशाला घालू का. तो म्हणाला, "नवस तुझा आहे का? घरी सांग पहिले. मारणाऱ्यानंच सांगायचं, अशीच रीत आहे."

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. ताई खाटेवर पडूनच बघत होती. पाय भोपळ्यासारखे सुजलेत. मला म्हणते, "राजू, पोहून पोहून बारीक झाला तू. मामा होणार म्हणून तयारी का?" हसलो.

आई स्वयंपाकघरात वैशालीला सांगत होती, "दोन सोमवार झाले, आपली दिसत नाही गं. ताईला बोलू नको."

सांगायलाच हवं. आज सणाचा दिवस, उद्या सांगतो.

२० मार्च

नाही सांगितलं.

२१ मार्च

नाही. ताईचं बीपी तसंच. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाले डॉक्टर. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं.

२२ मार्च, रवि.

सांगितलं.

आई उद्याच्या गोळ्यांसाठी कणीक मळत होती. ताई झोपली होती, वैशाली तिच्यापाशी बसलेली. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि सगळं बोललो, व्हिडिओपासून शकीलच्या पोत्यापर्यंत. नथ ओट्यावर ठेवली.

आईचे हात थांबले. "केव्हा?"

"आठ तारखेला."

"आपली होती?"

"माहीत नाही. बाबालाही माहीत नाही."

आईनं नथेकडे पाहिलं. मग विचारलं, "खाल्ली?"

इथं खोटं बोलता आलं असतं. मासा शकीलनं नेला, संपलं. पण म्हटलं, "दोन तुकडे."

आई पाटावर बसली. हाताला कणीक तशीच. "तुझे वडील असते तर..." रागावली असती, मारलं असतं तरी चाललं असतं मला. तिनं फक्त एवढं सांगितलं, "ताईला कळता कामा नये." आणि कणीक झाकून ठेवली.

२५ मार्च

आई माझ्या ताटात वाढत नाही. वैशाली वाढते. वैशालीला कारण सांगितलं, ती रडली, मग म्हणाली, "मला वही वाचून आधीच कळलं होतं. वाट बघत होते तुम्ही कधी बोलता."

म्हणजे पाडव्याला ती आईचं बोलणं ऐकत होती आणि सगळं ठाऊक होतं तिला. माझ्या खोटेपणाचं ओझं तिनंही वाहिलं.

२७ मार्च

रात्रीचं जेवण झाल्यावर आईनं हाक मारली. डबी उघडून स्वतःची नथ काढली. वडील गेल्यापासून तिनं ती घातलेली नाही.

"माशाच्या तोंडातली ती नथ भोयाकडे दे. कोणी विचारत आलं तर त्यांना कळू दे, लपवायचं नाही. आणि ही तू दुसऱ्या माशाला घाल. आपली असो की दुसऱ्याची, मारली तूच."

मी म्हटलं, बाबाला जाळं लावायला सांगतो.

"जाळं नाही. तुझ्या हातावर येईल तेव्हाच."

"आणि नाही आली तर?"

आई उठून ताईच्या पायाला तेल लावायला गेली.

२८ मार्च, शनि.

सकाळी घाटावर. माशातली नथ बाबाकडे दिली. त्यानं चिंधीत बांधून ठेवली, कोणी आलं तर माझं नाव सांगणार आहे. सांगू दे.

कंबरभर पाण्यात उभा राहिलो, तळहातावर कणीक. दीड तास. शेजारच्या पायरीवर एक आजीबाई गोळ्या टाकत होत्या, तिथं मासे उड्या मारत होते. माझ्याकडे एकही नाही. कणीक विरघळून गेली.

माशांना आठवत नाही असं म्हणतात. मला खात्री नाही.

२९ मार्च, रवि.

आई आज आली. येशील का असं मी विचारलं नव्हतं. वैशाली ताईपाशी थांबली. ताईला सकाळपासून डोकेदुखी आहे, दुपारी दवाखान्यात न्यायचंय.

आई तिसऱ्या पायरीवर बसली, मी पाण्यात. तिची नथ डाव्या मुठीत, उजव्या तळहातावर कणीक. हत्तीच्या पाठीवर बगळा बसलेला. बाबा काठावर, विडी न पेटवता.

एक आली. मोठी, नथ नसलेली. चार हातांवर थांबली, वळली, परत आली, परत थांबली. मी बघत राहिलो, श्वास रोखून, बाबानं शिकवलं होतं तसा. ती निघून गेली. असं तीनदा झालं.

आई वरून म्हणाली, "तिच्याकडे बघू नको. तू अजून नेम धरल्यासारखाच बघतोस."

खरं होतं ते. नजर माशाच्या कल्ल्यामागे होती, भाला जिथं घुसतो तिथं. दोन महिन्यांत तेवढंच शिकलो होतो मी.

डोळे मिटले. पाणी, पायाखालची वाळू, वर आईच्या बांगड्यांचा आवाज. ताईच्या बाळाचे ठोके ऐकायला गेलो होतो तेव्हा मशीनमधून येत होता तसा माझ्याच छातीचा आवाज. मी मनातल्या मनात माफी मागत होतो, कोणाची ते नीट ठरत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. बोटांच्या टोकाला काहीतरी लागलं. मऊ, गार. परत लागलं.

वर बांगड्यांचा आवाज थांबला. मी डोळे उघडले नाहीत.