साडेसातची विद्यार्थिनी

३ जुलै
आजपासून नववी ब ला गणित आवडणार. शाळेने सॉफ्टवेअर घेतलंय, जबाबदारी माझी. बरोबर उत्तराला एक तारा. वर्गाची बेचाळीस नावं भरली, त्रेचाळिसावं लेकीचं. ती आणि तिची आई मार्चपासून मामाकडे राहतात. तात्पुरतं. लेक फोनवर माझ्याशी बोलत नाही, म्हणून लॉगिन तिच्या आईला पाठवलं. गणिताच्या निमित्ताने बोलायला लागेल. मग दोघी परत. प्लॅन पक्का.

८ जुलै
वर्गात प्रचंड उत्साह. एकाने एका दिवसात एकशे चाळीस तारे कमावले. तपासलं, तर पठ्ठ्याने बेचा पाढा एकशे चाळीस वेळा सोडवलाय. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, चिकाटी बघा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

१९ जुलै, संध्या. ७.३०
लेक ऑनलाइन! चाळीस मिनिटं. दहापैकी दोन बरोबर. उणे गुणिले उणे म्हणजे अधिक, हे माझी मुलगी विसरली? नव्या शाळेचा प्रताप. शेरा लिहिला: हे पाचवीतल्या पोरालाही येतं. डिवचलं की मुलं पेटून उठतात.

२० जुलै, ७.३०
हजर. तोच धडा परत. चार बरोबर. डिवचणं लागू पडलं. आणखी कडक शेरा लिहिला.

११ ऑगस्ट
बेचाळीसपैकी सहा उरले. लेक मात्र रोज. आज ती स्क्रीनवर दिसत असतानाच फोन केला. तिच्या आईने उचलला. लेक चित्रकलेच्या क्लासला गेलीय म्हणाली. म्हणजे सॉफ्टवेअरचं घड्याळ चुकतंय. कंपनीला खरमरीत ईमेल.

२ सप्टेंबर
सहाचे शून्य. बाई म्हणाल्या, बंद करू या. मी लेकीचा आलेख पुढे केला, दोनावरून थेट सातावर. ही आपल्या पटावर आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी पाणी प्यायला गेलो.

९ सप्टेंबर
न कळवता मामाकडे गेलो. सर्टिफिकेट छापून नेलं, लेकीच्या नावाचं, सोनेरी किनारीचं. दार तिनेच उघडलं. वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, बाबा, मी ते एकदाही उघडलेलं नाही. आई करते. कुणीच आलं नाही तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

तिची आई आतून आली. हातात कच्च्या कामाची वही, जवळजवळ भरलेली. माझे शेरे तिने वाचले होते. सगळे. मला कुठे बघावं कळेना.

मग म्हणाली, दहावीला मी गणितात दोनदा नापास झाले होते. सोळा वर्षांच्या संसारात हे मला आज कळलं. आधी का नाही सांगितलंस, मी विचारलं.

म्हणाली, तुम्ही हसला असता.

नाही म्हणायला तोंड उघडलं. हसलो असतो.