हरिदासचा गिअरबॉक्स

मैनाची आई,

खाणीतून जीप आली, मी चाललो. त्या बोलक्या बाबुलालनं पुन्हा चालत्या डंपरचा रिव्हर्स टाकला. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, म्हणून ह्या लोकांले वाटते त्याले काही दुखतच नाई. आतल्या प्लेटा जळल्या असतील. आता सगळं खोला, धुवा, पुन्हा बसवा. अन् तो बाजूले उभा राहून मले गोष्टी सांगणार. अंगात आता तेवढा दम राह्यला नाई.

मैनाले पाहायले पाहुणे येतील, तेव्हा तूच बस. पोरगा हरिदास बोलत नाई म्हणून तू नाक मुरडशील. तुले बाबुलालसारखा हसवणारा जावई पाहिजे, मले माहीत आहे! पण खाणीतला एकेक ड्रायव्हर मी त्याच्या जळक्या तेलाच्या वासावरून ओळखतो. हरिदासले मात्र नीट ओळखतच नाई, कारण त्याचा गिअरबॉक्स अजून माझ्यापाशी खोलायले आलाच नाई. तो डंपर पूर्ण थांबवतो, मगच मागं घेतो.

मैना हो म्हणाली तर तूही हो म्हण, माझी वाट पाहू नको. खाणीत कोणी काही मोडलं तर मी जोडतो. पोरीच्या संसारात माझा पाना चालणार नाई.

— इस्तारी