हत्तीसरड्याच्या पोथीची समाप्ती

मु. केनवड, तालुका वाशीम
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८४८

चिरंजीव जगदेवभाऊजी यास तुळसावहिनीचा आशीर्वाद.

इकडं म्हैस बरी हाये, इहिरीले पानी हाये, अन् माहा डावा गुडघा दुखते. पन तो दुखल्याबिगर पाऊस कवा येनार हे मले समजत नाई, म्हनून त्याले मी काई म्हनत नाई. तुमची तब्येत कशी हाये? तुमच्या मिशीची कशी हाये? (रुख्मिणी माहेरी जाता इकडं उतरली, तवा तिनं सांगितलं का कचेरीत जायच्या आधी तुमी मिशीले खोबऱ्याचं तेल लावता अन् डोक्याले राह्यलं तं लावता. बायकोले रागवू नोका. जाऊजाऊ बोलत असतो, त्यात असं निंगून जाते.) अमरावतीची हवा तुमाले मानवली असन. आमची हवा तुमाले मानवत नाई असंच दिसते, कारन दोन दिवाळ्या झाल्या, तुमी इकडं फिरकले नाई.

ह्याच्यापुढं पत्रास कारण की, असं लिवा लागते. तुमच्या दादानंच मले तसं शिकवलं. पन ते कारन मी आत्ता लिवत नाई. काहून नाई, ते शेवटी समजन. नाई समजलं तं तुमी म्याट्रिक कायले झाले?

तुमाले तो लाल पुठ्ठ्याचा इंग्रजी ग्रंथ आठवते काय? आठवाले पाह्यजे, रोज त्याच्यावर झोपता. (हेबी रुख्मिणीनंच सांगितलं. खाटेचा एक पाय आखूड हाये म्हने, अन् त्याच्याखाली बरोबर तेवढ्याच जाडीचा ग्रंथ बसला. विद्या कुठं ना कुठं कामी येतेच.) तो ग्रंथ आपल्या घरी कसा आला, हे तुमी इसरले असान, तवा तुमी शेंबडे होते. आपली इहीर खोदली तवा काळ्या पाषानाच्या खाली एक पांढुरका थर लागला, अन् त्यात एक दगड निंगाला, पोटात गोगलगाय असलेला. गोगलगायबी दगडाचीच. मजुरानं तो फेकून देला होता, मास्तरनं, म्हनजे तुमच्या दादानं, धोतराच्या सोग्यात बांधून घरी आनला. पुढं शाळा तपासाले सायब आले, त्याईनं तो पाह्यला अन् मागतला. मास्तरनं नाई म्हनलं. नोकरी जाते का काय म्हनून मी चुलीमागं देव पान्यात ठेवले, पन सायब हसले अन् महिन्याभरानं डाकेनं तो ग्रंथ पाठवला. त्यात असेच दगड होते, अन् दगडात कायकाय जनावरं होती! मास्तर शाळेतून आले का हातपाय धुवून त्याच्यावर बसत अन् वहीत त्याचं मराठी करत. नावं काई बोलता येत नव्हती, म्हनून त्याईनं आपली नावं ठेवली. सगळ्यात मोठा तो हत्तीसरडा. शिंगंवाला तो तीनशिंग्या. अन् सगळ्याईले खानारा तो दातऱ्या. (दातऱ्याचं चित्र पाहून मी म्हनलं होतं, हे तं तुमच्या आत्याबाई. चार दिवस मास्तरले त्याचं भाषांतर करता आलं नाई, हसू येत होतं.)

दोन वह्या भरल्या. मंग मानमोडीचा ताप आला, अन् ते गेले. तेराव्याले तुमी तो ग्रंथ उचलला अन् म्हनलं, वहिनी, दादाचं राह्यलेलं मी महिन्याभरात पुरं करतो. आठ वर्सं झाली. तुमच्या अमरावतीले महिना लय लांब असते.

आता यंदाचं सांगतो. देवळातले नानाजी गुरव चाळीस वर्सं चातुर्मासात पोथी वाचत आले. यंदा त्याईच्या डोळ्यात फूल पडलं, दिसेनासं झालं, म्हनून त्याईनं पोथी माह्या घरी पाठवली का तुळसाबाई, तुले अक्षर येते, तूच वाच. बाया जमल्या, ओसरीवर पाट मांडला, दिवा लावला, अन् फडकं सोडलं तं आत वाळवी! देवाधरमाचं सारं खाऊन नुसती कड ठेवली होती. आता दिवा लावल्यावर पोथी न वाचता उठता येत नाई, हे तुमालेबी मालूम हाये. समोर पंधरा बाया हात जोडून. मी उठली, फळीवरची मास्तरची वही घेतली, लाल फडक्यात गुंडाळली, अन् पाटावर ठेवून वाचाले लागली. "लक्षावधी वर्षांपूर्वी या भूमीवर मनुष्य नव्हता, गाय नव्हती, पाखरू नव्हते." बायाईनं डोळे मिटले. एकीनं इचारलं, कोनतं पुरान हाये वो हे? मी म्हनलं, सगळ्या पुरानाच्या आधीचं. (ह्यात खोटं काय हाये, सांगा.)

भाऊजी, चौथ्या दिवशी ओसरी पुरेना. हत्तीसरडा एवढा मोठा असून पालाच खाये, हे ऐकून सगळ्याईले लय भरून आलं. तो माळकरी होता असं ठरलं, अन् एकादशीले त्याच्या नावानं पाटावर मेथीची जुडी आली. दातऱ्याचं नाव निंगालं का बाया पदर तोंडाले लावत अन् आपापल्या सासूकडं पाहत. घोडं पहिले कुत्र्याएवढं होतं असं मी वाचलं, तं म्हातारी गोजराबाई मधातच म्हने, "मंग खंडोबा कायच्यावर बसे?" मागून कोनीतरी म्हनलं, "आपल्या पाटलाचं घोडं अजून तेवढंच हाये, तरी पाटील बसतेच ना." मंग त्या दिवशी पुढं वाचनं झालंच नाई.

एका अध्यायात समुद्राच्या काठच्या एका सुताराच्या पोरीची गोष्ट हाये. कड्याखाली उभी राहून थंडीवाऱ्यात ती हाडं खोदून काढे, अन् मोठे मोठे पंडित ती इकत घेऊन सभेत आपलं म्हनून दाखवत. बायाईनं इचारलं, तिचं नाव दगडावर कोरलं काय? मी वाचलं का नाई, सायबाईची नावं कोरली. तवा सगळ्या जनींनी मान हलवली अन् म्हनलं, मंग पोथी खरी हाये.

भादव्यात नानाजी स्वता काठी टेकत आले. मले वाटलं, झालं, आता चोरी सापडली. खांबाले टेकून त्याईनं सगळा अध्याय ऐकला अन् म्हनलं, "तुळसाबाई, मी चाळीस वर्सं वाचलं अन् चाळीस वर्सं बाया पेंगल्या. तुह्या पोथीत कोनी पेंगत नाई. पन देवाचं नाव नाई आलं अजून."

मी म्हनलं, "नानाजी, अजून मानूस पैदा व्हायचा हाये. त्याच्याबिगर नाव घेईन कोन?"

म्हातारं खुदकन हसलं. "तेबी खरं," म्हने, अन् दुसऱ्या दिवसापासून सगळ्याईच्या आधी येऊन बसाले लागलं.

इथपर्यंत हसन्याची गोष्ट होती. आता जे लिवतो ते नीट वाचा.

दसरा गेला, अन् दुसरी वही सरत आली. शेवटच्या पानावर मास्तरचं अक्षर असं हाये: "याप्रमाणे हे बलाढ्य प्राणी, ज्यांनी पृथ्वीवर एवढा काळ राज्य केले, ते सर्वच्या सर्व नाहीसे झाले. त्याचे कारण असे की," अन् पुढं काई नाई. कोरं पान. मी तेवढंच वाचलं अन् थांबली. बाया वाट पाहून राह्यल्या. मी म्हनलं, आज इथंच. दुसऱ्या दिवशीबी म्हनलं, आज इथंच. तिसऱ्या दिवशी खरं सांगून टाकलं का पुढचं मास्तरच्या हातून लिवनं झालं नाई.

बाकीच्या बाया हळहळल्या अन् घरी गेल्या. गोजराबाई उठली नाई. तुमाले तिचा उकंडराव आठवत असन, तुमच्या संगं इटीदांडू खेळे. मास्तर गेले त्याच हप्त्यात तोबी मानमोडीत गेला, चोवीस वर्साचा. त्या साली घरात ताप होता म्हनून तिनं सर्वपित्रीले पान वाढलं नाई. मंग लोकाईनं तिले सांगितलं का पितर कोपले, तुह्या हातानं पोरगं गेलं. (मलेबी सांगितलंच होतं का पांढऱ्या पायाची हाये. पन मी उलटून बोलतो, म्हनून लोक मले तोंडावर कमी बोलतात. गोजराबाई बिचारी ऐकून घेते.) आठ वर्सं ती ते गिळून बसली हाये. त्या दिवशी मले म्हने, "तुळसे, एवढाले जनावरं. त्याईनं कोनत्या पितराचं पान चुकवलं होतं वो?" तिनं पाटापुढं हात जोडले अन् बोलली, "हे सारे काहून मेले ते पोथी सांगन, तवाच मी अन्न खाईन."

अकरा दिवस झाले. शेंगदाने अन् भगरीवर हाये. दिवाळीच्या अनारशाले हात लावला नाई. सत्तरीची म्हातारी, आधीच काडी. नानाजीनं सांगितलं का समाप्ती झाल्याबिगर पोथी पाटावरून उचलता येत नाई, म्हनून वही तशीच उघडी हाये, तिच्यावर इहिरीतला गोगलगायीचा दगड ठेवला हाये, अन् त्या दगडाले रोज कोनी ना कोनी कुंकू लावून जाते. मले माह्याच ओसरीवर पाय पसरता येत नाई. एका म्हातारीचा जीव तुमच्या खाटेच्या पायाखाली अडकून राह्यला हाये, भाऊजी. खाट उचला. शेवटून दुसरं प्रकरन, ज्याच्या तोंडाले हाडाच्या सापळ्याचं चित्र हाये. सगळं नोका करू, तेवढं एक वाक्य मराठीत उतरवा अन् उलट टपालानं पाठवा. त्या पायाखाली दुसरं काई ठेवा. मिशीच्या तेलाचा डबा ठेवा.

रुख्मिणीले आशीर्वाद. तिच्यावर रागवले तं मले समजनच.

तुमची वहिनी,
तुळसाबाई

ता. क. पत्र डाकेत टाकाले सोमवारची वाट पाहत होती. आज सकाळी गोजराबाई पोथीले नमस्कार कराले आली अन् पायरीवरच भोवळ येऊन बसली. मी पानी पाजलं. डोळे उघडल्याबरोबर इचारते, "आलं काय अमरावतीचं पत्र?" (तुमाले लिवलं हे तिले मालूम होतं, डाकेत पडलं नाई हे मालूम नव्हतं.) मले काई राहवलं नाई. मी पाटापुढं बसली, दगड बाजूले सारला, अन् मास्तर वाचत तसं ठासून वाचलं: "त्याचे कारण असे की, काळ बदलला. त्यात कोणाचाही दोष नव्हता."

"मास्तरनं लिवलं हे?"

"हो."

"आपल्या हातानं?"

"हो वो माय, कोनाच्या हातानं लिवन?"

लय वेळ ती कोऱ्या पानाकडं पाहत राह्यली. (तिले अक्षर येत नाई, देवाची किरपा.) मंग म्हने, "मंग माह्या उकंडाचंबी तसंच असन." अन् थोड्या वेळानं, "भाकर हाये काय?" मी जवारीची भाकर अन् मिरचीचा ठेचा देला. दीड भाकर खाल्ली, अन् वर म्हने ठेचा खारट झाला. दुपारी नानाजीनं आरती केली, वही उचलली. आता मी पाय पसरून हे लिवून राह्यली.

दुसरा ता. क. म्हनजे आता घाई नाई. ग्रंथ राहू द्या तिथंच. उगीच खाट कलंडन, तुमी पडान, अन् मिशी मोडन.

तिसरा ता. क. नाई भाऊजी, पाठवाच. सुरवातीले जे लिवलं नाई ते आता लिवतो. मास्तरनं ते वाक्य अर्धं काहून सोडलं, हे तुमी मले कवा इचारलं नाई. मीच हाक मारली होती. भाकरी थंडी होऊन राह्यली, तुमचं पुस्तक कुठं पळून राह्यलं काय, असं म्हनलं. ते म्हने, एवढं कारन लिवून घेतो. मी म्हनलं, कारनानं पोट भरते काय? ते हसले, टाक दौतीवर आडवा ठेवला अन् उठले. दिवस बुडायच्या आधी ताप चढला. चौथ्या दिवशी ते नव्हते.

गोजराबाईले मी सांगितलं, अन् तिनं मानलं. मले कोनी सांगाचं? पत्रास कारण हे. ग्रंथात दुसरंच काई असन तं दुसरं लिवा. ग्रंथालेबी मालूम नसन तं तसंच लिवा, मी रागवनार नाई. पन तुमच्या हातानं लिवा, छापील अक्षरात नोका. तुमचा "क" दादासारखा निंगते. त्या पानावर मी माही ओळ लिवून ठेवली हाये, गोजराबाईनं उद्या कोनाकडून वाचून घेतली तं सापडली पाह्यजे म्हनून. पेन्सिलीनं लिवली हाये. खोडता येते.