लोकर, पत्रे, लोकर, पत्रे

प्रिय पाचर,

अक्षर बघून दचकली असशील. मोजमापं सोडली तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, आणि तुला तर घर सोडल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, एक ओळही नाही. या नावानंही तुला आता कोणी हाक मारत नसेल. लहानपणी आमच्या दोघांच्या मध्ये घुसून झोपायचीस, म्हणून मीच ते ठेवलं होतं. आधी सांगून टाकतो, आई बरी आहे. तुझं कपाट मात्र आता कपाट राहिलेलं नाही.

त्याची पेटी झाली. गेल्या आजारपणापासून आईचे हात सदा गार, बोटांत पेन धरवत नाही, गोधडीची जाड सुई तेवढी मुठीत धरून कशीबशी चालवते. फोनवर ती तुला सगळं ठीक आहे म्हणून सांगते, तिकडे लक्ष देऊ नकोस. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, आपल्या सिस्टर, त्यांनी तिच्या डोक्यात हे खूळ भरवलं. हवेत म्हणे ऑर्गोन नावाची जीवनशक्ती असते, आणि नीट थर घातलेल्या पेटीत ती साठते. आत बसलं की माणसाला ऊब येते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, तुला माहीतच आहे. सिस्टरनी चिठ्ठी लिहून दिली: लाकूड, लोकर, पत्रे, लोकर, पत्रे, लोकर, लाकूड. घरात असेल तेच वापरावे. मी म्हटलं, सुतार म्हणून सांगाडा करून देतो, पण थर तुझे तू भर, या वेडेपणात माझा हात नको.

आईनं अकरा दिवस घेतले. तुझे जुने स्वेटर उसवले, ब्लँकेटं कापली, मागच्या खोलीत दार लावून शिवत बसायची. आतल्या फळ्या ठोकायला तेवढं मला बोलावलं, तेव्हा वर नुसती लोकर दिसत होती. मला वाटलं, तेलाचे रिकामे डबे कापले असतील. पत्रा कापायची माझी कात्री खुंटीवरून हललीसुद्धा नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुपारी अर्धा तास ती आत बसू लागली. चौथ्या दिवशी बाहेर आली आणि माझ्या मानेवर तळहात ठेवला. गरम होता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्या हाताच्या स्पर्शानं मी शहारलो नाही. लोकरीत कोंडून घेतलं की कोणीही गरम होईल, एवढी अक्कल मला आहे. तरी दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेल्यावर चोरासारखा जाऊन आत बसलो. शेजारच्या खोलीत कोणीतरी माझ्याविषयी बोलतंय आणि शब्द तेवढे कळत नाहीत, असं काहीतरी वाटत राहिलं. बाहेर आलो तेव्हा माझेही हात गरम होते.

मग सिस्टर बघायला आल्या. त्यांनी पेटीच्या भिंतीवर टकटक केली. आवाज गादीवर बुक्की मारल्यासारखा. अहो, यात पत्रे कुठायत, असं त्यांनी विचारलं. आई शांतपणे म्हणाली, आहेत की, सगळी घातलीत. ‘सगळे’ नाही, ‘सगळी’.

मी एक फळी उचकटली. लोकरीच्या दोन थरांमध्ये तुझी पत्रं होती, पाकिटांसकट, एकेक टाका घालून धावदोऱ्यानं नीट बसवलेली. सिस्टर हसून हसून खुर्चीवर बसल्या. आई म्हणाली, चिठ्ठीत तुम्हीच लिहिलंत की पत्रे. मला हसता आलं नाही.

ती सगळी मी दोन दिवस खिडकीशी बसून वाचली. कबूल करतो, आजवर एकही वाचलं नव्हतं. तू तिकडे सुतारकाम करतेस हेही मला नुसतं उडत उडत माहीत होतं. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ, बाबांना सहज विचार. दार फुगलं तर कुठून तासायचं. टेबलाचा पाय डुगडुगला तर काय करायचं. तेव्हा आठवलं, तुझी आई जेवताना अचानक असलं काहीही विचारायची. मी म्हणायचो, आता तू सुतारकी करणार की काय, आणि घासाघासाला समजावून सांगायचो. ती मान डोलवायची. मुलीचं काम नव्हे म्हणून तुला मी करवतीला हात लावू दिला नाही, आणि नऊ वर्षं जेवता जेवता तुलाच शिकवत होतो. एवढं मोठं काम माझ्या हातून झालं आणि मला त्याचा पत्ता नाही. ऑर्गोन असतो की नसतो मला माहीत नाही, पण त्या भिंतींत काहीतरी साठलं होतं, हे मी कुणालाही सांगेन.

पत्रं आईनं जशीच्या तशी परत शिवली. एक मी ठेवून घेतलं, आठ महिन्यांपूर्वीचं, शेवटचं. त्यात तू विचारलंयस, जुन्या खुर्चीचा सांधा सैल झालाय, बाबा काय करतात. आईला पेन धरवेना, आणि मी समोर असताना फोनवर तिला हे सांगता येईना, म्हणून उत्तर गेलं नाही, आणि त्यानंतर तूही लिहिलं नाहीस. उत्तर देण्यासाठी हे पत्र. सांधा मोडून टाकू नकोस, नुसता सरस ओतत बसू नकोस. त्याच लाकडाची पातळ पाचर काढ आणि हळूहळू ठोक. दुसरं लाकूड चालत नाही. मी घाई करून पुष्कळ चिरल्यात, म्हणून सांगतो. पेटीच्या दाराचा थर अजून रिकामा आहे आणि आई म्हणते, पत्रे कमी पडली. पुढचं माझ्या नावावर टाक. मी आधी वाचीन, मग शिवायला तिच्याकडे देईन.

तुझाच, फार उशिरा का होईना,
बाबा