बारा बरण्या

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आज पडदे धुतले, बाबांच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. गुडघा बरा आहे. तुझं पत्र परवा मिळालं.

काचसामानाच्या कॅटलॉगमधलं बरण्यांचं पान तुला फ्रेम करून हवंय, खाली ‘बाबांचं शेवटचं काम’ असं लिहून. पान सोबत पाठवते आहे. पण लिहिण्याआधी हे वाच.

फोटोतली वस्तू कापून कॅटलॉगच्या पानावर बसवताना बाबा म्हणायचे, “काच नुसती कापायची नसते गं, मास्क रंगवायचा.” मास्क म्हणजे फोटोवरचा झाकणारा थर; त्यात पांढरं केलं तिथे वस्तू दिसते, काळं केलं तिथे मागचं पान, आणि करड्यात दोन्ही थोडं थोडं. काचेचं सगळं कसब त्या करड्यात. शेवटच्या महिन्यात औषधांच्या गुंगीत त्यांनी बाराही मास्क पांढरे करून सेव्ह केले. निळ्या पानावर प्रत्येक बरणीच्या पोटात, जिच्यावर ठेवून फोटो काढले त्या आपल्या टेबलाचं लाकूड! त्यांना कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

ते गेल्यावर पंधराव्या दिवशी मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. कारखान्याने दिलेली नमुन्याची बरणी खिडकीत ठेवली, मागे वर्तमानपत्र धरलं. अक्षरं कुठे स्पष्ट दिसतात, कुठे बुडतात ते बघत करडा कमी-जास्त केला. काठ जाड, पोट पातळ, तळाशी एक बुडबुडा. पहिल्या दोन बरण्या प्लास्टिकच्या वाटल्या, पुन्हा केल्या. एकोणीस दिवस लागले. बाबांना चार लागले असते.

मग कारखान्याच्या मॅनेजरचा फोन. “काकू, काकांचा हात तो काकांचाच! बुडबुडासुद्धा सोडला नाही.”

मी म्हटलं, “हो.”

फोन ठेवला आणि एकटीच हसले. ते गेल्यानंतर पहिल्यांदा. लाज वाटली, पण हसू थांबेना.

तीस वर्षं चहा घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहायचे. तू म्हणायचीस, “आई, तुला काय कळतंय त्यातलं?”

कळत होतं.

कॅटलॉगमध्ये त्यांचं नाव आहे, ते राहू दे. शिकवलं त्यांनीच. तुझ्या भिंतीवर मात्र माझं लिही.

नमुन्याची बरणी आत्ताच धुतली, कोरडी केली, साखर भरली आणि झाकण घट्ट लावलं.

बाराही बरण्या केलेली,
तुझी आई